शाळा विकास आराखडा आणि पालक

शाळेस किती शिक्षक व किती खोल्या हव्यात, हे ठरविण्यात पालकांचा वाटा असावा, अशी तरतूद २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाने केली. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या या अधिनियमानुसार जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक, तर एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असतात. समितीचे प्रमुख काम म्हणजे शाळा विकास आराखडा. इयत्तावार अपेक्षित पटसंख्या आणि त्यानुसार लागणारे शिक्षक, वर्गखोल्या व इतर सोयी त्यात नमूद करावयाच्या असतात. शासनाच्या योजना व अनुदाने यांस हाच आराखडा आधारभूत राहील, असे कलम २२ सांगते. साहजिकच तो मुख्याध्यापकांनी एकट्याने भरून त्यावर केवळ सह्या घेणे (ही सोय उभयपक्षी रुचते!) कायद्याच्या हेतूस धरून नाही.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या गावांत हा प्रश्न अधिक बिकट होतो. हिवाळ्यात बैठक भरते तेव्हा अनेक पालक फडावर असतात, मुलेही त्यांच्यासोबत असतात. टोळ्या निघण्यापूर्वीच, दसऱ्याच्या सुमारास, बैठक घेतल्यास आजी-आजोबांजवळ राहू शकणाऱ्या मुलांची यादी तयार होते आणि हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेवर नोंदविता येते.