इंटरनेटची मूळ यादी कोणाच्या ताब्यात आहे?

सप्टेंबर २०१६. 'अमेरिका इंटरनेट देऊन टाकतेय' अशा बातम्या यायला लागल्या. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. मला वाटलं, अमेरिकेत कुठेतरी इंटरनेटचं एक मोठं बटण आहे आणि आता ते दुसऱ्याच्या हातात जाणार. तसं बटण नाही. पण एक यादी आहे, आणि तिच्यावर शेवटची सही कोणाची हा प्रश्न खरा होता.

यादी कसली?

तुम्ही ब्राउझरमध्ये वेबसाइटचं नाव टाकता, पण तिथे पोचायला फोनला आयपी नंबर लागतो. तो शोधायला सुरुवात वरून होते. '.इन'ची नावं कोण सांभाळतं? '.कॉम'ची कोण? '.भारत'ची कोण? याची मूळ यादी म्हणजे रूट झोन. ती १३ नावांच्या रूट सर्व्हरवर असते आणि त्यांच्या हजाराहून जास्त प्रती जगभर चालतात. या यादीतून एखादी ओळ काढली, तर काही दिवसांत त्या ओळीखालच्या सगळ्या वेबसाइट आणि ईमेल सापडेनासे होतील.

मग यात अमेरिका कुठून आली?

इंटरनेटची सुरुवात अमेरिकी सरकारच्या पैशांवरच्या संशोधनातून झाली. ही नोंदवही कित्येक वर्षं जॉन पोस्टेल हे कॅलिफोर्नियातले संशोधक सांभाळायचे. १९९८ मध्ये त्यासाठी आयकॅन ही ना-नफा संस्था निघाली. पण करार अमेरिकी सरकारशीच राहिला. यादीत बदल करायचा तर आयकॅन तो तपासणार, अमेरिकेच्या वाणिज्य खात्यातली एनटीआयए मंजुरी देणार आणि व्हेरिसाइन कंपनी तो यादीत टाकणार. मंजुरीचा हा टप्पा बराचसा औपचारिक होता. तरी इतर देश विचारायचे, सगळ्यांच्या यादीवर एकाच सरकारची सही का? २०१३ मध्ये स्नोडेनने अमेरिकेची पाळत उघड केल्यावर हा आवाज वाढला.

१ ऑक्टोबर २०१६ ला काय बदललं?

मार्च २०१४ मध्ये अमेरिकेने देखरेख सोडायची तयारी दाखवली. एक महत्त्वाची अट होती: जागा दुसऱ्या सरकारला किंवा सरकारांच्या संघटनेला मिळणार नाही. दोन वर्षं इंजिनिअर, कंपन्या, सरकारं आणि वापरकर्त्यांच्या संघटनांनी मिळून आराखडा बनवला. शेवटच्या क्षणी अमेरिकेतली चार राज्यं कोर्टात गेली, पण स्थगिती मिळाली नाही. मध्यरात्री करार संपला आणि मधला मंजुरीचा टप्पा गेला.

आता आयकॅनवर लक्ष ठेवणारे पाच गट आहेत. सरकारं त्यातला फक्त एक गट. हे गट मिळून आयकॅनचं बजेट नाकारू शकतात, अख्खं संचालक मंडळही घरी पाठवू शकतात. तुमच्या फोनवर त्या दिवशी काहीच बदललं नाही, आणि तेच अपेक्षित होतं.

खरी परीक्षा

फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर युक्रेनने आयकॅनला विनंती केली: रशियाचं '.आरयू' यादीतून काढा. आयकॅनने नकार दिला. आमचं काम इंटरनेट चालू ठेवायचं, शिक्षा करायचं नाही, अशी त्यांची भूमिका होती. अनेकांना राग आला. पण विचार करा, हीच सही अजून एका सरकारच्या हातात असती, तर त्या सरकारवर केवढा दबाव आला असता! आणि एकदा एक ओळ काढली की पुढची कोणाची?

सगळं आदर्श आहे असं नाही. आयकॅन आजही कॅलिफोर्नियात नोंदलेली आहे, म्हणजे तिला अमेरिकेचे कायदे लागू होतात. शिवाय बैठकांना वेळ आणि पैसा असणाऱ्यांचाच आवाज जास्त असतो.

एक गैरसमज मात्र काढून टाका. तुमच्या जिल्ह्यात नेट बंद होतं किंवा एखादं ॲप ब्लॉक होतं, त्याचा या यादीशी संबंध नाही. ते इथल्या सरकारच्या आदेशावरून इथल्याच कंपन्या करतात.

आपलं काय?

हस्तांतरणानंतरची आयकॅनची पहिली मोठी बैठक नोव्हेंबर २०१६ मध्ये हैदराबादला झाली. या बैठकांना फी नसते, ऑनलाइनही बसता येतं आणि नव्या नियमांच्या मसुद्यांवर कोणीही मत पाठवू शकतं. देवनागरीत '.भारत' आलंय, पण असे पत्ते अजून कित्येक फॉर्म स्वीकारत नाहीत. ही तक्रार मांडायला आपल्यापेक्षा योग्य कोण? देखरेख 'समुदायाकडे' गेली म्हणतात, तर त्या समुदायात मराठी माणसंही दिसायला हवीत.