बेटावरची नभोवाणी

नेपोलियनला १८१५ साली ज्या सेंट हेलेना बेटावर नजरकैदेत धाडण्यात आले, ते आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,९०० किलोमीटर दूर असल्यामुळे आणि एफएम लहरी क्षितिजापलीकडे फारशा जात नसल्यामुळे, तेथील नभोवाणीचा आवाजही त्या कैद्याप्रमाणेच बेटावर अडकून पडावा, हे ओघानेच आले. पण बेटवासीयांचे कित्येक आप्तस्वकीय रोजगारासाठी असेन्शन, फॉकलंड व इंग्लंड येथे पांगलेले असल्याने ‘सेंट एफएम’ या सामुदायिक केंद्राने आंतरजालाचा आश्रय घेतला.

आंतरजालावर धाडण्यासाठी ध्वनीचे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा घेऊन ते प्रत्येकी १६ बिटांत नोंदवले, तर दोन वाहिन्यांचा मिळून सेकंदागणिक चौदा लाख बिटांचा ऐवज जमतो. आणि २०२३ पर्यंत बेटाची सारी भिस्त तर उपग्रहाच्या महागड्या, तुटपुंज्या जोडणीवर! अशा ठिकाणी, मोठ्या स्वराच्या आड लपणारे आणि म्हणून कानाला न जाणवणारे क्षीण स्वर गाळून, तोच कार्यक्रम सेकंदाला ६४ हजार बिटांत बसवता येतो.

खरी मेख पुढेच आहे. प्रत्येक श्रोत्यास बेटावरूनच स्वतंत्र प्रत धाडू म्हटले, तर शे-दीडशे श्रोत्यांतच अशा जोडणीची वासलात लागेल. म्हणून मूळ दस्त एकदाच कचेरीत दाखल करून नकला तेथेच काढाव्यात, त्याप्रमाणे एकच प्रवाह दूरच्या सर्व्हरकडे रवाना करणे शहाणपणाचे. आता समुद्रतळावरील इक्वियानो केबलची शाखा बेटाला जोडली गेल्याने ओढाताण सरली आहे; तथापि खंड पडू नये म्हणून श्रोत्याचे यंत्र काही सेकंदांचा साठा राखूनच वाजते, तेव्हा लंडनमध्ये ऐकलेल्या बेटावरील वेळेच्या घोषणेवर घड्याळ लावू नये.