साठ अंशांची किमया

ब्रिटनमधील बहुसंख्य घरे हिवाळ्यात गॅसवर तापतात. बहुधा स्वयंपाकघराच्या भिंतीवर बसवलेल्या लहानशा बॉयलरमध्ये पाणी तापते, पंपाच्या जोरावर नळ्यांमधून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरते आणि ऊब देऊन, थोडे निवून बॉयलरकडे परतते. थंडी वाढली की बॉयलरचा आकडा चढवावा, असे कोणालाही वाटेल. आजच्या बॉयलरची खरी करामत मात्र आकडा उतरवल्यावर दिसते.

तिचे मूळ ज्वलनात आहे. नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन. तो जळला की कार्बन डायऑक्साइडबरोबर पाणीही तयार होते, तेही थोडेथोडके नव्हे: 1 किलो मिथेनपासून सव्वादोन किलो! हे पाणी वाफेच्या रूपात असते आणि वाफेत उष्णतेचा मोठा साठा दडलेला असतो. 1 किलो पाणी 0 पासून 100 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला सुमारे 419 किलोज्यूल उष्णता लागते. त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला 2257, म्हणजे पाचपटीहून अधिक. हा अप्रकट उष्मा जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने 1760 च्या दशकाच्या आरंभी ग्लासगो विद्यापीठात ओळखला. मिथेनच्या ज्वलनातून मिळणाऱ्या एकूण उष्णतेपैकी सुमारे दहावा हिस्सा असा वाफेत अडकलेला असतो.

जुन्या बॉयलरमध्ये हा हिस्सा धुराड्यावाटे निघून जाई, आणि तो जाऊ देणे भागही होते. वाफेचे पाणी झाले की त्यात धुरातील वायू विरघळून ते आम्लधर्मी होते आणि ओतीव लोखंड खाऊन टाकते. त्यामुळे बॉयलर मुद्दाम कडक तापवले जात. पुढे स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंनी ही अडचण दूर केली. 1980 च्या दशकात नेदरलँड्समध्ये वाफेचे पाणी करून तिचा उष्मा परत मिळवणारे कंडेन्सिंग बॉयलर घराघरांत येऊ लागले. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल 2005 पासून, काही अपवाद वगळता, नवा गॅस बॉयलर याच प्रकारचा बसवणे बंधनकारक झाले.

या बॉयलरमध्ये रेडिएटरकडून परतलेले पाणी बाहेर पडणाऱ्या धुराला निववते. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमावेत, तशी धुरातली वाफ आतल्या धातूवर पाणी होऊन उतरते आणि आपला उष्मा परत करते. मात्र या धुराचे दवबिंदू तापमान सुमारे 55 अंश आहे. परतणारे पाणी त्याहून जितके थंड, तितकी वाफ अधिक जमते. बॉयलर 75 किंवा 80 अंशांवर ठेवला, तर पाणी बहुधा 60 च्या वरच परतते, वाफ सुटून जाते आणि महागड्या यंत्राचा मुख्य गुण वाया जातो. अनेक घरांत बसवल्या दिवसापासून हेच चालू असते.

म्हणूनच 2022 च्या हिवाळ्यात गॅसचे दर भडकले असताना ब्रिटिश सरकारने कॉम्बी बॉयलरच्या, म्हणजे टाकीशिवाय नळाचे पाणीही थेट तापवणाऱ्या बॉयलरच्या, रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचे तापमान 60 अंशांवर आणण्याचा सल्ला दिला. यातून सुमारे 6 ते 8 टक्के गॅस वाचू शकतो, असा बॉयलर क्षेत्रातील जाणकारांचा अंदाज होता. नव्याने उभारल्या जाणाऱ्या यंत्रणांसाठी इंग्लंडच्या बांधकाम नियमांनी जून 2022 पासून 55 अंशांची मर्यादा घातली आहे.

कमी तापमानाची किंमत वेळेत मोजावी लागते. रेडिएटरमधील पाण्याचे सरासरी तापमान 70 वरून 50 वर आले, तर 20 अंशांच्या खोलीत तो जवळपास निम्मीच उष्णता देतो. खोली सावकाश तापते, म्हणून बॉयलर थोडा आधी सुरू करावा लागतो. कडाक्याच्या थंडीत आकडा तात्पुरता चढवावाही लागतो. बाहेरचे तापमान पाहून हे काम आपोआप करणारी नियंत्रकेही मिळतात.

बॉयलरवर सहसा दोन आकडे असतात: रेडिएटरच्या चित्राशेजारचा आणि नळाच्या चित्राशेजारचा. उतरवायचा तो पहिला. भिंतीवरचा थर्मोस्टॅट खोलीचे तापमान ठरवतो. त्याला हात लावायची गरज नाही. गरम पाण्याची टाकी असलेल्या घरांनी मात्र जपून राहावे. लेजिओनेला जिवाणू वाढू नयेत म्हणून टाकीतले पाणी 60 अंशांपर्यंत तापावे लागते, त्यासाठी बॉयलरचे पाणी साधारण 65 च्या खाली नेऊ नये. रेडिएटरमध्ये अडकलेली हवा काढून टाकावी आणि पाणी सगळ्या रेडिएटरना सारखे पोहोचते का, हेही पाहावे.

ब्रिटनमध्ये घर केलेल्या मराठी कुटुंबांनी हा प्रयोग जरूर करावा. कॉम्बी बॉयलर असेल तर आकडा 60 वर आणा, आठवडाभर ऊब पुरते का ते पाहा आणि कमी पडली तर पाच अंश वाढवा. त्यासाठी बॉयलरचे झाकण उघडावे लागत नाही. आतले काम मात्र ‘गॅस सेफ’ या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.