घाटातला दुसरा गिअर

तळोद्याहून कोठारमार्गे धडगावला निघालेली जीप चांदसैली घाटाला लागली, की चालकाचा डावा हात गिअरच्या दांड्यावरून फारसा हलत नाही. तिसरा, दुसरा, अवघड वळणावर पहिला, पुन्हा दुसरा. अक्कलकुव्याहून मोलगीला जाताना देवगोई घाटात हेच, शहाद्याहून तोरणमाळ चढताना हेच. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात रेल्वे आहे ती खाली, नंदुरबार-नवापूरच्या बाजूला. वर अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगराळ पट्ट्यात भिस्त एसटीवर आणि जीपवर. धडगावचे आमचूर, मोलगीची भगर, बाजाराला निघालेली माणसे, दवाखान्यात न्यायचा रुग्ण, सगळे याच गाड्यांतून जाते-येते. दिवाळीत अस्तंब्याची यात्रा भरते, तेव्हा या रस्त्यांवरची गर्दी आणखी वाढते. म्हणून गिअर टाकताना होणारी खरखर इथे नुसत्या खर्चाची बाब राहत नाही.

ही खरखर ऐकली, की ‘गिअरचे दात गेले’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो. पण आजच्या गाड्यांत पुढे जाण्याच्या गिअरची चाके एकमेकांत कायम अडकलेलीच असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा शाफ्टवरची एक स्लीव्ह सरकते आणि हव्या त्या चाकाच्या कडेला असलेल्या बारीक दातांत बसते. स्लीव्ह आणि चाक यांच्या फेऱ्या जुळल्या, तर ती अलगद बसते. जुळल्या नाहीत, तर तिथे घासाघीस होते. फेऱ्या जुळवण्याचे काम सिंक्रोनायझर रिंग करते. ही रिंग बहुधा पितळी असते. ती चाकाच्या शंकूसारख्या भागावर दाबली जाते आणि घर्षणाने दोघांचा वेग एक करते.

घाटात दुसऱ्या गिअरच्या रिंगचे हाल का होतात, हे साध्या हिशेबाने कळते. तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.४ आणि दुसऱ्याचे २.१ धरा. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला १६०० फेऱ्यांवर चालले असेल, तर त्याच वेगाला दुसरा गिअर बसण्यासाठी गिअरबॉक्सच्या आतल्या शाफ्टला २४०० फेऱ्या गाठाव्या लागतात. ही ८०० फेऱ्यांची भर त्या लहानशा रिंगने क्षणभरात घालायची, तीही प्रत्येक वळणावर. सपाटीवर महिन्यात होणार नाही एवढे काम तिला घाटातल्या काही खेपांतच करावे लागते.

सिंक्रोनायझरची ही सोय सुरुवातीपासून नव्हती. अमेरिकेत कॅडिलॅकने १९२८ मध्ये सिंक्रोमेश गिअरबॉक्स बाजारात आणला. त्यामागे अर्ल थॉम्पसन या अभियंत्याचे काम होते. त्याआधी फेऱ्या जुळवायच्या त्या चालकानेच. महिंद्राने १९४७ पासून भारतात ज्या विलीज जीपची जुळणी सुरू केली, तिच्याही पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हता. तो टाकायचा तर गाडी पूर्ण थांबवायची, नाहीतर डबल क्लच मारायचा. म्हणजे क्लच दाबून न्यूट्रल करायचे, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला हलका झटका द्यायचा आणि पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. डबल क्लच आजही कामाचा आहे, आणि दोष ओळखण्यासाठी तर फारच.

दोष शोधताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा: खरखर नेमकी कधी होते? सपाट जागी हँडब्रेक ओढून गाडी उभी करावी. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहावेत. ते सहज पडत असतील आणि इंजिन सुरू केल्यावर उभ्या गाडीत अडत किंवा खरखरत असतील, तर संशय क्लचवर जातो. मग न्यूट्रलमध्ये क्लच तळापर्यंत दाबून चार-पाच सेकंद थांबावे आणि रिव्हर्स टाकावा. अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. पण क्लच पूर्ण सुटला असेल, तर एवढ्या वेळात आतला शाफ्ट थांबायला हवा. तरीही आवाज आला, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे.

यावर उपाय कधी कधी अगदी स्वस्त असतो. क्लच वायर ढिली झालेली असते. पेडलखाली पायपुसणे सरकलेले असते. हायड्रॉलिक क्लच असेल आणि पेडल दोन-तीनदा मारल्यावर गिअर नीट पडत असेल, तर लाइनमध्ये हवा शिरली आहे किंवा सिलिंडर गळतो आहे. या गोष्टी पाहिल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवू देऊ नये. हे सगळे ठीक असेल, तर क्लचप्लेट आणि प्रेशर प्लेट पाहावी लागते.

उभ्या गाडीत सगळे सुरळीत, पण चालत्या गाडीत एकाच गिअरला खरखर, झटकन टाकला तर जास्त आणि डबल क्लच मारला तर नाहीशी, असे असेल तर त्या गिअरची रिंग झिजली आहे. न्यूट्रलमध्ये ऐकू येणारी घरघर क्लच दाबताच थांबत असेल, तर ती बहुधा आतल्या शाफ्टच्या बेअरिंगची. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग पाहावे.

गिअर ऑइल मात्र प्रत्येक वेळी तपासावे. ते पांढऱ्या फडक्यावर घेऊन उन्हात पाहिले, की बरेच काही दिसते. सोनेरी चकाकी दिसली आणि ती चुंबकाला चिकटली नाही, तर ते पितळ, म्हणजे रिंगची झीज. चुंबकाला बारीक काळसर लगदा चिकटणे नेहमीचेच, पण पोलादाचा कपचा निघाला तर गाडी पुढे चालवू नये. ऑइल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्याच ग्रेडचे हवे. जीएल-४ सांगितलेले असताना ‘जास्त भारी’ म्हणून जीएल-५ ओतले जाते. त्यातल्या काही ऑइलमधली गंधकयुक्त द्रव्ये पितळेला मानवत नाहीत, शिवाय रिंगला हवे तेवढे घर्षणही मिळत नाही.

उतारावर या दोषाचे रूप बदलते. तिसरा काढला आणि दुसरा पडला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये सुटते. इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक पकड सोडू लागतात. अशा वेळी दांड्याशी झटापट करू नये. ब्रेकने गाडी थांबवावी, पहिला किंवा दुसरा टाकावा आणि मगच निघावे. उतार सुरू होण्याआधी माथ्यावरच खालचा गिअर टाकण्याची सवय याहून चांगली. खरखरणारा गिअर घेऊन, भरलेली गाडी घाटात घालूच नये.

गॅरेजमध्ये गेल्यावर ‘गिअरबॉक्स बघा’ एवढेच सांगितले, तर मिस्त्रीला सगळेच खोलावे लागते. कोणता गिअर, गाडी उभी की चालती, इंजिन थंड की तापलेले, डबल क्लचने फरक पडतो का, एवढे सांगितले तर अर्धे निदान तिथेच होते. डोंगरातल्या जीपवाल्याची गाडी एक दिवस उभी राहिली, तर त्याची कमाई बुडते आणि त्या वाटेवरच्या पाड्यांची सोयही जाते. म्हणून दोष ओळखण्याची ही माहिती क्लच-गिअरचे धडे देणाऱ्या प्रत्येकाने नव्या चालकाला परवान्याआधीच द्यावी.