गप्प बसलेला डोंगर

इटलीतल्या नेपल्स शहरासमोर निळाशार उपसागर आहे आणि त्याच्या काठावर एक डोंगर. नाव व्हेसुव्हिअस, उंची सुमारे १२८० मीटर. नेपल्सहून पाहिलं तर त्याला दोन शिखरं दिसतात. डावीकडचं सोमा, म्हणजे एका जुन्या ज्वालामुखीच्या मुखाची उरलेली कड. तिच्या कुशीत नंतर तयार झालेला शंकू म्हणजेच आजचा व्हेसुव्हिअस!

दोन हजार वर्षांपूर्वी हा डोंगर अगदी गप्प होता. उतारांवर द्राक्षांचे मळे होते. ज्वालामुखीच्या राखेची माती मोठी कसदार, त्यामुळे पायथ्याशी पॉम्पेई, हर्क्युलेनियम अशी गावं नांदत होती. इ.स. ६२ मध्ये जबर भूकंप झाला. लोकांनी पडलेल्या भिंती पुन्हा बांधायला घेतल्या. डोंगर जागा होतोय, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मग आलं इ.स. ७९. उपसागराच्या दुसऱ्या टोकाला, मायसेनम बंदरात, १७ वर्षांचा प्लिनी आईबरोबर मामाकडे राहत होता. मामा आरमाराचा प्रमुख. एका दुपारी डोंगरावर विचित्र ढग दिसला. खाली उंच खोड, वर पसरलेल्या फांद्या. जणू मोठं झाडच! मामाने भाच्याला बरोबर येतोस का विचारलं, पण त्याला अभ्यास करायचा होता. मामा जहाजं घेऊन लोकांना सोडवायला गेला, तो परतलाच नाही. पॉम्पेई राखेखाली गाडलं गेलं. तिथलं उत्खनन सुरू झालं, ते थेट १७४८ मध्ये.

प्लिनीने मात्र सारं नीट पाहून ठेवलं होतं. ढगाचा आकार, राखेचा पाऊस, मागे हटलेला समुद्र... पुढे मोठेपणी त्याने हे सगळं टॅसिटस या इतिहासकाराला पत्रांतून कळवलं. म्हणूनच अशा उद्रेकांना शास्त्रज्ञ आजही 'प्लिनियन' म्हणतात.

व्हेसुव्हिअसचा शेवटचा उद्रेक १९४४ मध्ये झाला. आता तो पुन्हा गप्प आहे. पायथ्याच्या धोक्याच्या पट्ट्यात सहा लाखांहून अधिक लोक राहतात. त्याच मातीत द्राक्षं आणि टोमॅटो पिकवतात! मग त्यांना भीती नाही वाटत? वाटते ना! पण १८४१ मध्ये इथे जगातली पहिली ज्वालामुखी वेधशाळा स्थापन झाली. जमिनीचे बारीक हादरे, तिचं फुगणं, बाहेर पडणारे वायू यांची नोंद तिथली माणसं आणि यंत्रं रात्रंदिवस ठेवतात. धोक्याची चिन्हं दिसली, तर उद्रेकाआधीच गावं रिकामी करायची योजनाही तयार आहे.

इ.स. ६२ च्या भूकंपाचा अर्थ सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं. आज डोंगर गप्प असला, तरी त्याच्यावर नजर ठेवणारे जागे आहेत, बरं का!