टाके काढल्यानंतर काय?

गेल्या पावसाळ्यात एक आजी आपल्या एकोणीस वर्षांच्या नातवाला ड्रेसिंगसाठी माझ्या दवाखान्यात घेऊन आल्या. मनगटाच्या वर चाकूचा वार होता. टाके मोठ्या रुग्णालयात घातले होते, पोलिसांत नोंदही झाली होती. वर्षभरापूर्वी याच मुलाच्या भुवईवर मी स्वतः तीन टाके घातले होते. तेव्हाही कारण भांडणाचेच होते. तेव्हा मी त्याला चार शब्द सुनावले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि घरी पाठवले. या वेळी आजी म्हणाल्या, "डॉक्टर, जखम तुम्ही बरी कराल हो. पण हा पुन्हा असाच येऊ नये, याला काही इलाज आहे का तुमच्याकडे?"

त्या दिवशी माझ्यापाशी उत्तर नव्हते. पण हाच प्रश्न अमेरिकेतल्या काही शल्यचिकित्सकांना आणि समाजसेवकांना तीस वर्षांपूर्वी पडला होता आणि त्यांनी त्यावर काही करून पाहिले, हे मला वाचनातून ठाऊक होते. त्यांच्या प्रयत्नांचा उपयोग होतो की नाही, हे तपासण्याचा खटाटोपही तेव्हापासून चालू आहे. तो सगळा इतिहास मी त्यानंतर नीट वाचून काढला.

आपल्या ज्येष्ठ वाचकांना यातला मूळ विचार समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. वयस्कर माणूस घरात पडतो, मनगटाचे हाड मोडते, प्लास्टर घातले जाते. रात्री न्हाणीघरात दिवा असतो का, डोळे कधी तपासले होते, रक्तदाबाच्या गोळीनंतर उठताना चक्कर येते का, हे कोणी विचारत नाही. मग दोन वर्षांनी तोच माणूस खुब्याचे हाड मोडून परत येतो. पहिले मोडलेले हाड ही दुसऱ्याची सूचना असते, हे वैद्यकाला आता पटलेले आहे. चाकूच्या किंवा गोळीच्या जखमेलाही हाच न्याय लागू आहे, हे पटायला मात्र फार उशीर झाला.

डेट्रॉइट शहरातल्या डॉक्टरांनी मारहाणीत, चाकूने वा बंदुकीने जखमी होऊन वाचलेल्या रुग्णांचा पाच वर्षे माग काढला आणि १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतले ४४ टक्के पुन्हा तशाच जखमा घेऊन आले होते आणि २० टक्के मरण पावले होते. लेखकांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच अशा जखमांना जुनाट, पुन्हा पुन्हा उलटणारा आजार म्हटले. पुढे मिशिगन राज्यातल्याच फ्लिंट गावी अमली पदार्थांचे सेवन करणाऱ्या १४ ते २४ वर्षांच्या मुलामुलींची पाहणी झाली. मारहाणीत जखमी होऊन आलेल्यांपैकी सुमारे ३७ टक्के जण दोन वर्षांत पुन्हा हिंसेच्या जखमेसाठी रुग्णालयात आले. दुसऱ्या कारणांसाठी आलेल्या तशाच मुलांत हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात १९९४ साली यावर एक साधा उपाय सुरू झाला. त्यामागे शर्मन स्पिअर्स नावाचा तरुण होता. गोळी लागून तो कायमचा चाकांच्या खुर्चीला खिळला होता. खाटेवर पडलेल्या मुलाभोवती मित्र जमतात आणि सूड कसा घ्यायचा, याचीच चर्चा करतात, हे त्याने स्वतः अनुभवले होते. त्या घटकेला आपल्यासारखेच भोगलेले कोणी शेजारी येऊन बसले पाहिजे, हा त्याचा विचार. त्यातून 'युथ अलाइव्ह' या संस्थेचा कार्यक्रम उभा राहिला आणि पुढे तशीच कामे अनेक शहरांत निघाली.

त्यांची रीत थोडक्यात अशी. मुलगा शुद्धीवर आला की त्याच्याच वस्तीतला, प्रशिक्षण घेतलेला एक माणूस भेटायला येतो. मी त्याला 'सोबती' म्हणेन. तो पोलिसांचा नसतो आणि उपदेशही करत नाही. घरी जाणे सुरक्षित आहे का, मित्र काय ठरवत आहेत, आई कुठे आहे, अशा प्रश्नांपासून तो सुरुवात करतो. मुलगा घरी गेल्यावरही हा सोबती सहा महिने, कधी वर्षभर त्याला सोडत नाही. गुन्ह्यात बळी पडलेल्यांना सरकार जी भरपाई देते तिचा अर्ज भरणे, न्यायालयाच्या तारखेला बरोबर जाणे, शाळेत पुन्हा नाव घालणे, नोकरी बघणे, मानसोपचारासाठी नेणे, ही सारी कामे त्यात येतात. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कार्यक्रमात टोळीची खूण असलेले गोंदण काढून देण्याचीही सोय असते. वाचताना मला हे फार शहाणपणाचे वाटले. कपाळावर वा हातावर ती खूण असताना त्या मुलाला कोण कामावर ठेवणार?

बाल्टिमोरचे शल्यचिकित्सक डॉ. कार्नेल कूपर यांनी १९९८ साली असाच कार्यक्रम सुरू केला. त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी १०० रुग्ण घेतले. हे सगळे पूर्वीही जखमी होऊन आलेले आणि न्यायालयाच्या देखरेखीखाली असलेले होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी केली. ५६ जणांना कार्यक्रमाची मदत मिळाली, ४४ जणांना नेहमीचेच उपचार. निष्कर्ष २००६ मध्ये छापले गेले. मदत न मिळालेल्यांना हिंसक गुन्ह्यासाठी अटक होण्याची शक्यता तिप्पट होती आणि हिंसक गुन्ह्यात दोषी ठरण्याची चौपट. निबंधाचे शीर्षकच मुळी असे होते की हे कार्यक्रम उपयोगी पडतात. तीस वर्षांच्या वाचनात इतके निःशंक शीर्षक माझ्या पाहण्यात क्वचितच आले आहे, आणि खरे सांगायचे तर शंका तिथूनच सुरू झाली.

कारण त्याच वर्षी शिकागोतल्या १८८ मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. तिथे मदत मिळालेल्या मुलांनी 'आम्ही पुन्हा जखमी झालो नाही' असे अधिक प्रमाणात सांगितले, पण अटकेच्या आकड्यांत फरक पडला नाही. ओकलंडच्या २००४ मधल्या अभ्यासात नेमके उलटे दिसले होते. अटकेची शक्यता ७० टक्क्यांनी कमी झाली, पुन्हा जखमी होण्यात मात्र ठोस फरक नाही. मग उपयोग झाला म्हणायचे की नाही?

अडचण कुठे आहे हे पाहण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. पन्नास मुलांना मदत दिली, पन्नासांना दिली नाही. पहिल्यांतले तीन पुन्हा जखमी झाले, दुसऱ्यांतले पाच. मदतीमुळे दोन मुले वाचली म्हणावे, तर उद्या त्या तिघांच्या जोडीला आणखी दोघे येतील आणि फरक पुसला जाईल. अशा प्रश्नाला शेकडो मुले हवीत आणि वर्षानुवर्षे माग काढायला हवा. या मुलांचा माग काढणे तर महाकठीण. फोन बदलतो, घर बदलते, कोणी तुरुंगात जातो. दुसऱ्यांदा जखमी झालेला मुलगा दुसऱ्याच रुग्णालयात गेला, तर पहिल्याच्या वहीत तो 'सुधारला' म्हणून नोंदला जातो. शिवाय मदत आपणहून स्वीकारणारा मुलगा बदलायला आधीच थोडा तयार असतो. त्याची तुलना नकार देणाऱ्याशी केली, तर श्रेय कोणाचे?

सॅन फ्रान्सिस्कोचा अनुभव यासाठी बोलका आहे. डॉ. रोशेल डिकर यांच्या या कार्यक्रमाने पहिल्या सहा वर्षांनंतर सांगितले की पूर्वी १६ टक्के मुले परत जखमी होऊन येत, आता ४.५ टक्के. आकडा ऐकून कोणीही टाळी वाजवेल. दहा वर्षांचा हिशेब त्याच मंडळींनी मांडला, तेव्हा तुलनेसाठी घेतलेले पूर्वीचे प्रमाण १६ च्या सुमारे निम्मेच निघाले. फरक उरला, पण आटला. ही अप्रामाणिकता नव्हे. उलट स्वतःचा आकडा स्वतःच पुन्हा मोजणाऱ्यांविषयी मला आदर वाटतो. पूर्वीच्या काळाशी तुलना करताना शहरच मधल्या काळात बदललेले असते, एवढेच.

त्यांच्याच नोंदींतली दुसरी गोष्ट मला टक्केवारीहून मोलाची वाटते. ज्या मुलांची मानसोपचाराची आणि नोकरीची गरज भागली, त्यांच्या बाबतीत यश अधिक दिसले. आणि पहिल्या तीन महिन्यांत सोबत्याने भरपूर वेळ देण्याचाही त्याच्याशी संबंध होता. माझे चार खडे शब्द आणि धनुर्वाताचे इंजेक्शन या यादीत कुठेच नव्हते.

कॅनडातल्या विनिपेगमध्ये डॉ. कॅरोलिन स्नायडर यांनी लहान प्रमाणावर चाचणी घेतली, तेव्हा एक नाजूक प्रश्न पुढे आला. दुखावलेल्या, घाबरलेल्या मुलाला 'सोबती मिळेल किंवा मिळणार नाही, चिठ्ठी ठरवील' असे सांगायचे कसे? म्हणून तिथे संमती विचारण्याआधीच विभागणी झाली. सोबती मिळालेल्यांत पुन्हा जखमी होऊन येणे कमी दिसले, पण प्रयोग छोटा असल्याने त्यावर शिक्कामोर्तब होत नाही. आपला नातू त्या खाटेवर असता, तर आपण चिठ्ठीला होकार दिला असता का? मी दिला नसता. आणि सगळ्यांनी माझ्यासारखा नकार दिला, तर आजींच्या प्रश्नाचे उत्तर कधीच मिळणार नाही, हेही मला कळते.

पैसा मात्र उत्तरासाठी थांबलेला नाही. कनेक्टिकट आणि इलिनॉय या राज्यांनी २०२१ पासून गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यातून या कामाला पैसे देण्याची वाट मोकळी केली. माझ्या मते ते योग्यच झाले. पुरावा अपुरा आहे, पण तो बहुतांशी एकाच दिशेला झुकतो आणि सोबतीने अपाय झाल्याचे या अभ्यासांत दिसत नाही. मात्र आता सरकारी पैशाने हजारो मुलांपर्यंत पोहोचताना मोजमाप सोडून दिले, तर तो करंटेपणा ठरेल.

रुग्णालयातच हिंसेविषयी विचारायचे, ही कल्पना आपल्याला अगदी परकी नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महानगरपालिका आणि 'सेहत' या संस्थेने 'दिलासा' केंद्र उभारले, त्याला आता दोन तपे उलटली. घरात मार खाऊन आलेल्या बाईला तिथे मलमपट्टीबरोबर समुपदेशक भेटते. भांडणात जखमी झालेल्या तरुणाला आपल्याकडे भेटतो तो बहुधा जबाब घेणारा हवालदार.

अशा मुलाची शुश्रूषा घरी आईला किंवा आजीलाच करावी लागते, म्हणून थोडे व्यवहाराचे. पहिल्या आठवड्यात उपदेश टाळावा. तो कानात शिरत नाही. कोण भेटायला येते आणि दार लावून काय बोलणे चालते, याकडे लक्ष ठेवावे. झोप उडणे, आवाजाने दचकणे, विशिष्ट रस्ता टाळणे, दारू वाढणे, उशाशी काही हत्यार ठेवणे, ही माज चढल्याची नव्हे, बहुतेकदा भीतीची लक्षणे असतात. महिन्याभरानंतरही ती टिकली, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. हत्यार दिसले किंवा सुडाची भाषा ऐकू आली, तर महिना न थांबता लगेच. शक्य असेल तर काही दिवस गावी, मामाकडे पाठवावे. ओकलंडचे सोबतीही मुलाला काही काळ दुसरीकडे हलवण्याची खटपट करतात.

आजींना मी हे सगळे सांगितले नाही. "इलाज आहे असे वाटते, पण तो गोळीचा नाही, वेळ देण्याचा आहे," इतकेच म्हणालो. तेव्हापासून दर गुरुवारी त्या रक्तदाब मोजायला येतात आणि सोबतीला नातवालाच आणतात. त्यांचा रक्तदाब दर आठवड्याला मोजण्याची गरज नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे. पहिले पाच-सहा गुरुवार तो बाहेरच्या बाकावर मोबाइल बघत बसला. गेल्या गुरुवारी आत आला आणि आजी पट्टा सोडत असताना म्हणाला, "डॉक्टर, मला रात्री झोपच येत नाही."