फिर्याद झाली; खटला टिकवायचा कोणी?

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमारास वस्तीतील एक भगिनी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. धुणीभांडी करून संसार ओढणारी बाई. तोंडातून शब्द फुटत नव्हता. "दादा, माझ्या पोरीचं वाटोळं केलं हो," एवढेच त्या बोलल्या. मुलगी दहावीत होती. अत्याचार करणारा रोजच्या ओळखीतला.

आम्ही तसेच पोलीस ठाणे गाठले. "मॅडम नाहीत, सकाळी या," असे सांगण्यात आले. आम्ही जागचे हललो नाही. पहाटे तीनला फिर्याद नोंदली गेली, तेव्हा लढाई जिंकल्यासारखे वाटले.

चार वर्षांनी निकाल लागला. सबळ पुराव्याअभावी आरोपीची निर्दोष मुक्तता!

आम्ही पेशाने कारकून. कागद कुठे बोलतो आणि कुठे मुका राहतो हे आम्हांला थोडेफार कळते. त्या खटल्याची कागदपत्रे मिळवून आम्ही वाचून काढली. घाबरलेल्या आईने मुलीला आंघोळ घालून कपडे धुऊन टाकले होते. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून, रेशनकार्डावर वय दोन वर्षांनी जास्त आणि नगरपालिकेचा जन्मदाखला काढलेलाच नव्हता. आरोपीच्या वकिलाने नेमकी इथेच पाचर मारली. दोन शेजारी साक्षीदार फितूर झाले. आणि आम्ही? फिर्यादीनंतर चार वर्षांत आम्ही कोर्टात दोनदाच गेलो. तपासात पोलिसांच्या चुका होत्याच. परंतु आमच्याही होत्या, हे कबूल केले पाहिजे.

कायदा आहे, तो मागावा लागतो

१९७२ साली आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीला रात्री जबाबासाठी नेण्यात आले. तेथेच दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तिची तक्रार होती. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, परंतु १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघांना सोडले. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, हे त्यामागचे एक कारण! हाच तो मथुरा खटला. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून बालकांसाठी पोक्सो कायदा अमलात आहे. अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, त्याचे संरक्षण दोघांनाही आहे. या कायद्याने बालकाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. आईवडील किंवा विश्वासाचे माणूस जवळ असावे लागते. देसाईगंजची आठवण ठेवून ही कलमे वाचावीत, म्हणजे त्यांची किंमत कळते.

पहिले चार दिवस

लेकरू बोलू लागले की आधी त्याला जवळ घ्या. "तू तिकडे गेलीसच कशाला?" हा प्रश्न ओठांवर येऊ देऊ नका. चाळीसमोर पुन्हापुन्हा वदवून घेऊ नका. एकाच विश्वासू माणसाने ऐकावे आणि लेकराचेच शब्द तारीख-वेळेसह वहीत लिहून ठेवावेत.

आंघोळ घालू नका. कपडे धुऊ नका. ते कागदी पिशवीत ठेवा, कारण प्लास्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो. शरीरावरील नमुने मिळण्याची आशा पहिल्या चार दिवसांतच जास्त असते. वैद्यकीय तपासणीसाठी फिर्यादीची वाट पाहावी लागत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. उपचार सरकारीच काय, खासगी रुग्णालयालाही मोफत द्यावे लागतात. 'दोन बोटांची चाचणी' करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावले आहे. कपडे धुतले गेले असतील, महिने उलटले असतील, तरीही फिर्याद करायचीच. उशिराने गुन्हा पुसला जात नाही.

मोबाईलवर फोटो किंवा चित्रफीत असेल तर ती पुसू नका आणि पुरावा म्हणून चार जणांना पाठवूही नका. असे पाठवणे हाच गुन्हा आहे. मोबाईल पोलिसांकडे द्या आणि पंचनाम्यात त्याची नोंद झाली का ते पाहा.

ठाण्यात काय मागायचे?

हद्द कुठलीही असो, फिर्याद घ्यावीच लागते. दुसऱ्या हद्दीतील असेल तर शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवावी लागते. तिची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. टाळाटाळ झाली तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार रजिस्टर टपालाने पाठवा, पोच जपून ठेवा. पोक्सोची फिर्याद न नोंदवणाऱ्यालाही कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवणे पोलिसांना बंधनकारक आहे. तपास दोन महिन्यांत पुरा व्हावा, असे १ जुलै २०२४ पासून लागू झालेली नागरिक सुरक्षा संहिता सांगते.

आपल्या कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट. १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातींतून आलेले बौद्धही अनुसूचित जातीत गणले जातात. आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कलमे लावण्याचा आग्रह धरा. मग तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि आरोपीच्या जामिनावर आपले म्हणणे मांडण्याचा हक्क मिळतो. त्यासाठी मुलांचे जातीचे दाखले आणि जन्मदाखले आजच काढून ठेवा. संकटाच्या दिवशी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायला वेळ नसतो.

पुढची वर्षे

बालकाची साक्ष तीस दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षात संपावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. रोजंदारी बुडते, बिऱ्हाड बदलावे लागते, मूल गप्प होत जाते. खटले मोडतात ते बहुधा याच काळात. म्हणून मुलाला शेवटपर्यंत सोबत करणारी 'सहाय्यक व्यक्ती' बालकल्याण समितीकडे लेखी मागा. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली यावर भर दिला आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तेथेच मनोधैर्य योजनेचा अर्जही होतो. कोर्टात मुलाला आरोपी दिसू नये, त्याचे प्रश्न न्यायाधीशांमार्फतच विचारले जावेत, सुनावणी बंद दालनात व्हावी, हे सारे हक्काचे आहे.

आणि तडजोड? "मुलीच्या लग्नाचा विचार करा" म्हणत मध्यस्थ येतातच. राजस्थानात एका शिक्षकावरील असा खटला तडजोडीवर रद्द झाला होता. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा चालू केला. असा गुन्हा दोन कुटुंबांचा खाजगी मामला नाही, हाच त्याचा अर्थ.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतील चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराची फिर्याद नोंदवायला उशीर झाला आणि लोक रेल्वे रुळांवर उतरले. तो संताप रास्तच होता. परंतु पुढच्याच महिन्यात आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि त्याच्यावरील खटला साक्षीपुराव्यानिशी निकालापर्यंत पोहोचलाच नाही. मोर्चे काढावेत, जरूर काढावेत. पण फलकावर मुलीचे नाव वा फोटो नको, तो गुन्हा आहे. आणि मोर्चानंतर तारखेलाही माणसे हवीत.

आमच्या वस्तीत आता विहारात एक साधी वही ठेवली आहे. तीत खटल्याचा क्रमांक, पुढची तारीख आणि त्या दिवशी आईसोबत कोण जाणार, एवढेच लिहिले जाते. मुलाचे नाव नाही. महिला मंडळातील भगिनी पाळीपाळीने जातात. मदतीसाठी १०९८ आणि ११२ हे क्रमांक पहिल्या पानावर आहेत.

ती भगिनी अजूनही वाटेत भेटतात, जयभीम करतात. निकालाचा विषय त्या काढत नाहीत, आम्हीही काढत नाही. परंतु त्या वहीत सर्वांत जास्त तारखांपुढे नाव आहे ते त्यांचेच. आपल्या वस्तीत अशी वही आहे का?